पाणी जळतं का?

गेल्या रमजानमध्ये खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामूंनी एक व्हिडिओ टाकला. पाण्यावर चालणारी मोटारसायकल! खाली लिहिलेलं : हा शोध दाबून ठेवलाय, पुढे पाठवा. इफ्तारपर्यंत 'माशाअल्लाह'ची रांग लागली. दहावीतल्या मुलीने विचारलं, "अम्मी, पाणी जळतं का?"

मी उर्दू-मराठी शिकवते. विज्ञान अकरावीतच सोडलं, इंग्रजी शब्दांना भिऊन. तरी वाचत बसले.

पाणी जळत नाही, कारण ते आधीच जळून झालंय. हायड्रोजन जळाला की पाणी होतं. त्याची राखच म्हणा. राखेतून पुन्हा सरपण काढायचं तर तेवढी ऊर्जा परत घालावी लागते. व्हिडिओ ती कुठून येते हे सांगत नाही.

ती उन्हातून मिळवण्याची धडपड मात्र खरी आहे. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. हा पदार्थ अर्धवाहक, उर्दूत नीम-मोसिल. प्रकाशाने त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतो, मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडवतो, रिकामी जागा ऑक्सिजन. पण ही पायरी तीन इलेक्ट्रॉन व्होल्टहून उंच. तिला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. दिसणारा प्रकाश तो पदार्थ परतवून लावतो, म्हणूनच तो पांढरा दिसतो.

मग पायरी बुटकी करायची. पण पाणी फोडायला निदान 1.23 व्होल्ट हवेतच. टँटलम ऑक्साइड पांढरं. त्यातल्या काही ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसवला की पिवळसर होतं, सगळ्याच्या जागी बसवला की तांबडं. रंग चढला, म्हणजे दिसणारा प्रकाश आत शिरला. कॅडमियम सल्फाइड मुळातच पिवळं, पण उजेडात स्वतःच झिजतं. त्यात सुटलेले वायू तिथेच पुन्हा एक होऊन पाणी बनतात. त्यावर उपाय म्हणून रोडियमच्या कणांवर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच चढवलं : हायड्रोजनला बाहेर वाट, ऑक्सिजनला आत मनाई.

2021 मध्ये जपानमधल्या डोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटरच्या पॅनेलवर उघड्या उन्हात हायड्रोजन काढल्याचं जाहीर केलं. कार्यक्षमता जास्तीत जास्त 0.76 टक्के, आणि भुकटी पुन्हा अतिनील किरणांवरचीच. जवळपास पन्नास वर्षांनंतर एवढ्या मोठ्या पॅनेलवरचा आकडा एक टक्क्याच्या आत होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामूंचं उत्तर आलं, "इतकं लांब कोण वाचणार, बेटा?"

आपल्याला शोध आयता हवा असतो, दाबलेला असेल तर आणखी गोड लागतो. प्रयोगशाळेतल्या पन्नास वर्षांवर 'माशाअल्लाह' म्हणायला कुणी येत नाही.

मुलीने मात्र वाचलं. वहीत तिने तीन शब्द एकाखाली एक लिहिले : नीम-मोसिल, अर्धवाहक, सेमीकंडक्टर. पुढच्या वर्षी तिला तिसरा लागेल. पहिले दोन ओळखीचे असले, तर त्याची भीती वाटणार नाही.