मुंबई, पुन्हा एकदा आणि एकटीने



दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच मुंबईला जाऊन आले. शाळेत हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "कोणाकडे उतरलात?" आणि दुसरा, "काही काम होतं का?" कोणाकडे उतरले नव्हते आणि काम तर काहीच नव्हतं. तुमच्यापैकी ज्या मैत्रिणी एकट्या फिरतात त्यांना हे प्रश्न पाठ असतील. आपल्याकडे बाईमाणसाने एकटीने गावाबाहेर जायचं म्हटलं की दवाखाना, लग्न, ट्रेनिंग नाहीतर कोर्टाची तारीख, यातलं काहीतरी लागतं. नुसतं शहर बघायला जाणं हे कारण अजून रुळलेलं नाही.

मी माण तालुक्यातल्या एका दुशिक्षकी शाळेवर आहे. आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. मुलांच्या बोलण्यात मुंबई रोज असते, पण बघितलेली फार थोड्यांनी. माझी स्वतःची पहिली मुंबई २०१३ सालची. डी.एड. होऊन घरी बसले होते, भरती होत नव्हती, तेव्हा आम्ही मैत्रिणी आंदोलनासाठी आझाद मैदानात गेलो होतो. दोन दिवस सतरंजीवर बसून काढले. मागणीचं काही झालं नाही, पण संध्याकाळी समोरच्या बोरीबंदरच्या इमारतीवर दिवे लागले आणि मी घोषणा द्यायची थांबून बघतच राहिले. नोकरी लागली की इथे नीट बघायला यायचं, एवढं तेव्हाच ठरवून टाकलं. नोकरी २०१९ ला लागली. त्यानंतरची ही तिसरी खेप.

एसटीत आता महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रात्रीच्या गाडीने जाणं परवडतं. पहाटे दादरला उतरून लेडीज डब्यात बसले. सकाळच्या त्या डब्यात कोणी केस विंचरत असतं, कोणी मटार सोलत असतं, आणि 'एकट्याच का?' असं कोणीही विचारत नाही. खरं सांगू का, मुंबई आवडण्याचं माझं निम्मं कारण हेच आहे.

बोरीबंदरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, या वेळी मी तासभर नुसती मान वर करून उभी होते. १८८७-८८ च्या सुमारास पूर्ण झालेली ही इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची. २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. पण आपल्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिच्या भिंतींवर कोरलेले प्राणी-पक्षी आणि वेलबुट्टी यांचं बरंचसं काम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. विद्यार्थ्यांनी! आपण भिंतीवर रेघ मारली म्हणून पोरांना ओरडतो. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसलेला आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. वर्गात फोटो दाखवला तेव्हा पहिलीतल्या एकाने लगेच विचारलं, "बाई, भांडण झालं तर कोण जिंकंल?" इतिहासाचा तास इथून सुरू करायला काय हरकत आहे?

याच बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली गाडी गेली. १४ डबे, ४०० प्रवासी, ३४ किलोमीटर अंतर, आणि ओढायला साहेब, सिंध व सुलतान नावाची तीन इंजिनं. मुलांना ही नावं फार आवडतात, मैदानात रांग करून गाडी खेळताना तीन पोरं पुढे इंजिन होतात. या वेळी मी भुयारी मेट्रोनेही फिरले. ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे माझ्या आधी जेमतेम काही दिवस. तिची लांबी साडेतेहतीस किलोमीटर. पहिल्या गाडीचं अंतर आणि या मेट्रोचं अंतर जवळजवळ सारखंच, मध्ये १७२ वर्षं! गणिताच्या तासाला आयतं उदाहरण मिळालं. बाकी मेट्रो मला थोडी मुकी वाटली. खिडकीतून काळोख दिसतो आणि डब्यात कोणी मटार सोलत नाही.

हुतात्मा चौकात मात्र दर वेळी पाय थांबतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्या १०६ जणांचं हे स्मारक. १ मेच्या भाषणात आपण हा आकडा म्हणतो, मुलं पाठ करतात. तिथे एकच मशाल धरून दोघे उभे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. आमच्या गावात हे दोघे बहुतेक वेळा एकच माणूस असतो. पावसाळ्यात शेतावर, बाकीचे महिने मुंबईला.

आता खरं सांगायचं होतं ते सांगते.

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी आहे. 'माझे वडील' या निबंधात तिने लिहिलं होतं, "माझे पप्पा मुंबईत साहेब आहेत. त्यांना मोठी गाडी आहे." प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे 'हमाली' लिहिलेलं मी वाचलेलं होतं. निबंधाला चांगला शेरा दिला आणि वही परत केली. मी मुंबईला जाणार हे कळल्यावर ती मधल्या सुट्टीत आली. म्हणाली, "बाई, पप्पांचं हापिस बघून या ना." तिच्या आईने नंबर दिला, देताना मात्र नजर खाली.

बोरीबंदरनंतरचं पहिलंच स्टेशन मशीद. हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नव्हे, तर बेने इस्राएल समाजाच्या १७९६ सालच्या जुन्या प्रार्थनामंदिरावरून पडलं असं सांगतात. हे लोक ज्यू, आणि घरात बोलतात मराठी. त्याच भागात आमच्या सातारा जिल्ह्याच्या कितीतरी पिढ्यांनी पाठीवर पोती वाहिली. घाऊक बाजार पुढे वाशीला गेले, १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांचं नाव आमच्याकडे आजही आदराने घेतात. पण मशीद बंदरच्या गल्ल्यांतून हातगाड्या अजून चालूच आहेत.

ते स्टेशनबाहेर उभे होते. भाऊबीज करून नुकतेच गावाहून परतले होते. मला बघून डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"बाई, तुमी एकट्याच आलाय व्हय? सर न्हाईत संगं?"

"नाही, एकटीच."

त्यांना ते फारसं पटलं नाही. चहा मागवला, पैसे मला देऊ दिले नाहीत. मग बराच वेळ ग्लासाकडे बघत म्हणाले, "पोरीला सांगू नगा हातगाडी वडतो म्हून. राहतो तिथं धा-बारा जणं हाय. वळकटी ठेवायला तेवढी जागा. ती समजती साहेब हाय मी. ऱ्हाऊ द्या."

मी काही सांगणार नाही, असा शब्द दिला. हे तिचं आणि त्यांचं. आपण शिक्षक कधीकधी मुलांच्या घरात फार आत शिरतो. श्रमप्रतिष्ठेवर भाषण द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. जो माणूस पहाटेपासून ओझं ओढतो त्याला श्रमाची प्रतिष्ठा मी काय सांगणार?

पण समोर लावलेल्या गाडीवर माझ्यापेक्षा उंच माल चढवलेला होता, आणि मला खरोखरच कळत नव्हतं की एवढं वजन दोन माणसं हलवतात कसं. म्हणून विचारलं. तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. उठून गाडीजवळ गेले.

"ह्ये बघा, वजन चाकाच्या कण्यावर बसलं पायजे. मागं जास्त झालं की दांडी वर उठती, माणसाला उचलती. म्होरं जास्त झालं की सगळं हातावर येतंय. बरुबर मदी बसलं तर एका बोटानं दांडी दबती. मग ताकद फकस्त वडायला लागती, उचलायला न्हाई. चढाला एक म्होरं, एक मागं. उताराला दोघंबी मागं वडून धरायचं."

मी पिशवीतून वही काढून चित्र काढलं. कणा म्हणजे टेकू, मागचा माल एका बाजूला, पुढचा माल आणि दांडी दुसऱ्या बाजूला. डी.एड.ला तरफेवर पाठ घेताना मी पट्टी, खोडरबर आणि पेन्सिल वापरली होती. हे उदाहरण त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. म्हटलं, "हे तुम्ही आमच्या पोरांना सांगाल का? फोनवरून. वाटलं तर. हमालीचं नाव काढू नका, नुसतं गाडीचं सांगा." ते हसले. "मी सातवी नापास, बाई," म्हणाले आणि फडकं परत डोक्याला गुंडाळलं. त्यांचा जोडीदार वाट बघत होता.

परतीच्या एसटीत झोप लागली नाही. तिने विचारलं तर काय सांगायचं? शेवटी एवढंच सांगायचं ठरवलं: पप्पांना भेटले, त्यांनी मला चहा पाजला आणि मला न येणारी एक गोष्ट शिकवली. तेवढं पूर्ण खरं होतं. शाळा भरल्यावर हेच सांगितलं. "काय शिकवलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ते त्यांनाच विचार."

आठवडा गेला. एका दुपारी तिसऱ्या तासाला माझा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. मागे गल्लीचा गोंगाट, डोक्याला तेच फडकं. "बाई, टाइम हाय का? माल भरायला अर्धा तास हाय. पोरीला घरी सांगितलंय मी समदं, गाडीचंबी." मी फोन डस्टरला टेकवून टेबलावर उभा केला. बत्तीस पोरं टेबलाभोवती जमली. त्यांनी तिकडे कॅमेरा फिरवून गाडी दाखवली, दांडी दाबून दाखवली, मागे एक खोकं जास्त ठेवून ती कशी उठते तेही दाखवलं. 'तरफ' हा शब्द पुढच्या वर्गात येतो, मी तो वापरलाच नाही.

ती सगळ्यात पुढे उभी होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पप्पा, चढाला मागनं कोण ढकलतं तुमच्यासंगं? त्यांना पण दावा की."