आरशाला भोक नसतं!

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी पहिल्यांदा गेले ती आजीबरोबर, सहावीत असताना. मला मस्तानी महाल बघायची घाई. आजी मात्र आरसे लावलेल्या गुजराती भरतकामापुढून हलेचना!

"आरशाला भोक नसतं. मग तो कापडावर बसतो कसा, सांग?" मी गप्प. "आधी त्याच्यावरून आडवे-उभे धागे ताणायचे. मग ते पकडून कडेनं गोल टाके घालायचे. धागा सैल पडला की आरसा निसटलाच!"

मग चष्मा सावरून तिनं भरणारीचं नाव शोधलं. ते नव्हतंच. सासरी न्यायला मुली आईजवळ बसून असं भरत; त्यावर नाव कोण घालणार?

दिनकर केळकरांनी अशा हजारो घरगुती वस्तू वणवण करून जमवल्या आणि पुढे सरकारला दिल्या. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या राजाचं नाव संग्रहालयाला आहे. गंमत म्हणजे, कवी म्हणून केळकरांचं टोपणनाव होतं ‘अज्ञातवासी’!

आजी आता नाही. परवा ट्रंकेत भरलेला एक अभ्रा सापडला. नाव त्यावरही नाही. पण एका पानात हिरवा दोरा संपल्यावर खुशाल निळा लावलाय. असं आमच्या घरात फक्त आजीच करायची!