ओले जळण

आमच्या जामसांवलीला मंगळवार-शनिवारी जी गर्दी लोटते, तिच्यातली सगळीच माणसे केवळ दर्शनाला आलेली नसतात. पहुडलेल्या मारुतीपुढे काही जण घरचे दुखणे घेऊन येतात. औषधपाणी करून ती थकलेली असतात आणि नेमके काय बिघडले आहे, हेच त्यांना कळलेले नसते. लहानपणापासून मी त्यांचे चेहरे पाहत आलो आहे. दुखण्याहून त्याचे कारण न कळणे माणसाला अधिक पोखरते, हे मला तिथे उमगले. पण कारण सापडेनासे झाले की आपण ते जवळच्या कुणाच्या तरी माथी मारतो, हे मात्र साठी उलटल्यावर मला एका खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने शिकवले.

‘खेळण्यातले’ हा शब्द माझ्या धाकट्या भावाला मुळीच रुचला नसता. नागपूरला शिकत असताना तो एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होता आणि विमानांच्या प्रतिकृती उडवण्याचा नाद त्याला तिथेच लागला. पुढे २००६ साली त्याने तैवानी बनावटीचे ‘रॅप्टर ३०’ हे हेलिकॉप्टर घेतले. पंख्याचा व्यास सव्वा मीटर, वजन सुमारे तीन किलो आणि इंजिन मुठीत मावेल एवढे. तो सुट्टीत गावी आला की देवळापासून दूर, आमच्या संत्र्याच्या बागेपलीकडच्या पडीत शेतात ते उडवी. गर्दीच्या वारी मात्र कधीच नाही. ती पाती मिनिटाला दीड हजारांहून अधिक वेळा फिरतात आणि माणसाला गंभीर इजा करू शकतात, हे तो प्रत्येकाला बजावून सांगे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याचे सामान मीच आवरले. हेलिकॉप्टर कपाटावर ठेवले. इंधनाचे दोन डबे होते. एक सीलबंद होता, त्यावर त्याने खरेदीची तारीख लिहून ठेवली होती. दुसरा फोडलेला होता आणि त्याचा पत्रा गंजू लागला होता. त्यातले इंधन मी एका प्लास्टिकच्या बरणीत ओतले आणि बरणी गोठ्याच्या माळ्यावर ठेवली. मेथॅनॉल विषारी असते, ते घरात नको, एवढाच विचार तेव्हा मनात होता.

पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला ते वर्ष २०२३. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुतण्या नागपूरहून आला. वय सतरा. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, “मोठे बाबा, बाबांचं हेलिकॉप्टर एकदा सुरू करायचंय. उडवायचं नाही. नुसता आवाज ऐकायचाय.” मी होकार दिला आणि माळ्यावरची बरणी खाली काढून दिली.

या इंजिनाची एक गंमत आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठरल्या क्षणी ठिणगी पडते. इथे ठिणगी नाहीच. ग्लो प्लगच्या पोटात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचे वेटोळे असते. सुरू करताना ती तार दीड व्होल्टच्या सेलने तापवायची आणि इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर तार आपल्या बळावर धगधगत राहते. तिला थोडी धग आधीच्या ज्वलनातून मिळते, थोडी मेथॅनॉलच्या वाफेवर प्लॅटिनमच्या सान्निध्यात होणाऱ्या क्रियेतून. या क्रियेत प्लॅटिनम स्वतः खर्ची पडत नाही. तप्त प्लॅटिनमची तार वायू आणि हवेच्या मिश्रणात ज्योतीवाचून लाल राहते, हे हम्फ्री डेव्हीने १८१७ साली पाहिले होते. त्याच गुणाचा उपयोग करून अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ साली हा प्लग बाजारात आणला. चिमुकल्या विमानांच्या पाठीवरचे बॅटरीचे आणि कॉइलचे ओझे त्यामुळे उतरले. उत्प्रेरक म्हणजे काय, हे मी शाळेत तीस वर्षे शिकवले. ते प्रत्यक्ष धगधगताना मात्र घरातच पाहायला मिळाले.

आमचे इंजिन सेल लावलेला असेतो फटफट करून चाले आणि सेल काढताच दोन-चार क्षणांत मान टाके. मुलाने सारे क्रमाने केले. टाकीतली नळी कडक झाली होती, ती बदलली. नळीतून बुडबुडे येत नाहीत ना, ते निरखून पाहिले. इंधनाची सुई थोडी उघडून पाहिली, थोडी मिटून पाहिली. एकदा इंधन जास्त झाले आणि इंजिन फिरेना, तेव्हा जोर न लावता प्लग काढून त्याने आतले इंधन बाहेर टाकले. जोर लावला असता तर आतला दांडा वाकला असता, हे मला मागाहून समजले. त्या क्षणी मला एवढेच दिसले की पोरगा भावाची वस्तू खोलतो आहे. त्याने बापाच्या पेटीतला नवा प्लग बसवला, तरी तेच. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला.

“तुझ्या बाबांनी पंधरा वर्षं जपलेलं यंत्र तू तीन दिवसांत मोडलंस!”

तो काही बोलला नाही. हात पुसले आणि एकेक हत्यार पेटीतल्या आपल्या जागी ठेवले. त्याचा बाप अगदी तसेच ठेवीत असे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने तो नागपूरला निघून गेला. जेवताना घरात कुणी माझ्याशी बोलले नाही.

दोन दिवसांनी मी ते दोन्ही प्लग घेऊन सौसरला जीपगाड्यांच्या एका मिस्त्रीकडे गेलो. असल्या प्लगची त्याला ओळख होती. थंडीत डिझेल गाडीला हीटर मारावा लागतो, तो याच जातीचा. फरक एवढाच की गाडी सुरू झाली की त्या हीटरचे मुख्य काम संपते, आमच्या प्लगचे तिथून पुढे सुरू होते. मिस्त्री गाडीच्या बॅटरीची तार प्लगला लावणार, तोच मी पेटीच्या झाकणात चिकटवलेली चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. भावाचे अक्षर होते : ‘दीड व्होल्टच. बाराने जळेल.’ मग साधा सेल लावला. दोन्ही तारा लखलखीत नारिंगी झाल्या. मिस्त्री हसून म्हणाला, “मास्तर, भट्टी तर झकास पेटते. जळण ओलं नाही ना?”

मी जागच्या जागी थिजलो. मेथॅनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते आणि उघडे राहिले तर हवेतली ओल शोषून घेते, हे वाक्य मी किती वर्गांपुढे उच्चारले असेन! माळ्यावरच्या त्या बरणीचे झाकण नीट बसत नव्हते, हे मला ठाऊक होते. तिने तीन पावसाळे काढले होते. इंधनातले पाणी तारेची धग खाऊन टाकते. सेलची मदत असेतो इंजिन चालते आणि मदत काढली की विझते. जुना झालेला प्लगही नेमके हेच लक्षण दाखवतो. म्हणून सगळ्यांचा संशय आधी प्लगवर जातो, कारण जाळ दिसतो तो तिथे आणि बदलायलाही तोच सोपा. माळ्यावरच्या बरणीकडे कुणाची नजर जात नाही. ती ठेवणाऱ्याची तर मुळीच नाही.

तिथूनच मी फोन लावला. “चूक माझी होती,” हे तीन शब्द सतरा वर्षांच्या मुलाला सांगताना माझी जीभ जड झाली. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्याने विचारले, “मोठे बाबा, दुसरा डबा आहे ना? सीलबंद?”

डबा होता. तो मी उघडला नव्हता, उघडायचाही नव्हता. भावाच्या हातची तारीख त्यावर होती. पण जपून ठेवण्याच्या नावाखाली मी एकदा काय करून बसलो होतो, ते आता कळले होते.

संक्रांतीला मुलगा आला. दुपारी, ऊन चढल्यावर, आम्ही पडीत शेतात गेलो. कडाक्याच्या थंडीत मेथॅनॉलची वाफ नीट होत नाही, म्हणून पहाट टाळली. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून पाण्याची बादली शेजारी ठेवली. पाती काढून ठेवली होती. सील मुलानेच तोडले. टाकी धुऊन भरली, सेल लावला, इंजिन सुरू झाले. त्याने सेल काढला. मी मनात आकडे मोजत होतो. दहा, वीस, तीस. इंजिन चालतच राहिले. एरंडेलाच्या धुराचा तो ओळखीचा वास शेतभर पसरला. आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

तेव्हापासून जुने विद्यार्थी भेटले की मनात एक प्रश्न येतो. ज्यांना मी ‘ठोंब’ म्हणून मागच्या बाकावर बसवले, त्यांतल्या कितींची तार शाबूत होती आणि ओल माझ्याच बरणीत होती? तीस वर्षांच्या मास्तरकीत मी उगाच किती प्लग बदलले असतील, याचा हिशोब आता लागणार नाही.

परत निघताना मुलाने टाकी रिकामी केली, इंजिनात तेलाचे चार थेंब सोडले आणि उरलेल्या इंधनाच्या डब्याचे झाकण घट्ट आवळले. मग पेन काढून बापाने लिहिलेल्या तारखेखाली त्याने डबा उघडल्याची तारीख घातली आणि डबा माझ्या हाती दिला. मी तो माळ्यावर ठेवला नाही.