पायाळू

आमच्या घरात दखनी बोलली जाते, शाळेत मी उर्दूतून शिकवते आणि बाजारहाट, कचेरी, दवाखाना हे सगळं मराठीतून. पोटात उलट्या असलेल्या बाळाला तिन्हीकडे शब्द आहे. अम्मी 'उलटा बच्चा' म्हणते. जुन्या उर्दूत पायांकडून जन्मलेल्या मुलाला 'पायल' म्हणत. मराठीत 'पायाळू' म्हणतात, आणि मान मिळाला तो या मराठी शब्दालाच. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, जमिनीखालचं पाणी आणि पुरलेलं धन त्याला दिसतं, मात्र पावसाळ्यात त्यानं झाडाखाली उभं राहू नये, वीज त्यालाच शोधत येते, असं सोलापूरकडे लहानपणापासून ऐकत आले.

माझे मोठे मामू पायाळू. रविवारी सकाळी नानीच्या दारात एखादा तरी पाठ धरून उभा असायचा. त्यात आपला-परका, हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता; उसणीला धर्म नसतो. तो माणूस ओट्यावर पालथा पडायचा आणि मामू संकोचानं, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्लाह म्हणून डावा पाय त्याच्या कमरेला लावायचे. मामू एस.टी.त कंडक्टर होते. या गोष्टीचे त्यांनी कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. त्यामुळे पायांकडून जन्मणं म्हणजे काहीतरी मानाचं, अशीच माझी समजूत झालेली होती.

२०२२ च्या पावसाळ्यात मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते. पहिली मुलगी सहा वर्षांची, तिचं बाळंतपण अगदी सरळ झालेलं. चौतिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळलं की बाळाचं डोकं वर, बूड खाली आणि पाय गुडघ्यात न वाकता थेट तोंडापर्यंत गेलेले. नर्सिंग होमच्या मॅडम म्हणाल्या, अजून वेळ आहे, फिरेल. छत्तिसाव्या आठवड्यातही ते तसंच होतं. मॅडमनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "सिझर करू. तारीख सांगा." मी विचारलं, दुसरा काही मार्ग? त्या म्हणाल्या, "रिस्क कशाला घेता?" सगळं बोलणं दोन मिनिटांत संपलं. आमच्या यांनी खर्चाचा आकडा विचारला, त्याला मात्र पाच मिनिटं लागली.

मी मुलांना सायन्स आणि रियाजी शिकवते. बाहेर पडताना मला राग सिझरचा नव्हता. 'रिस्क' म्हटलं की किती आणि कशाच्या तुलनेत, हे विचारायचं असतं असं मी आठवीच्या मुलांना सांगते. तोच प्रश्न मी विचारला होता आणि त्याचं उत्तर मिळालं नव्हतं.

घरी मात्र उत्तरांचा पाऊस पडला. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. हजहून आणलेली मरियम बूटी त्यांनी कपाटातून काढून ठेवली. ती वाळलेली मूठ पाण्यात घातली की उमलते, तशी कळांच्या वेळी बाळंतीण सुटते असं मानतात. शेजारच्या खाला म्हणाल्या, सजदा लंबा कर, बच्चा घूम जाता. योगायोगाचा भाग असा की गुडघे टेकून, छाती जमिनीला लावून बसण्याचा हाच व्यायाम कित्येक डॉक्टरही सुचवतात. त्यानं बाळ फिरतं असं म्हणायला पुरेसा पुरावा संशोधनातून मिळालेला नाही. पण त्यात अपायही नाही. मी तो रोज केला. बाळ ढिम्म हललं नाही. मोहल्ल्याचं मत असं की खाजगी दवाखाने पैशासाठीच कापतात. त्या संशयाला जागा नाही असं म्हणवत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आहेत, सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. पण या आकड्यावरून मला सिझर हवं की नको हे ठरत नव्हतं. डॉक्टरचा हेतू कसाही असला तरी बाळ उलटं होतं हे खरंच होतं.

शेवटी अम्मांनी दाईचं नाव काढलं. नाक्यापलीकडे एक म्हातारी आहे, तेल लावून पोट चोळते आणि बाळ फिरवते म्हणे. ऐकून मला धसका बसला. नंतर वाचायला बसले तेव्हा मात्र नवल वाटलं. पोटावरून हातानं दाबून बाळाला कोलांटी द्यायची ही रीत आधुनिक वैद्यकातही आहे. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. फरक आहे तो आजूबाजूच्या गोष्टींत. आधी सोनोग्राफीत वार कुठे आहे, पाणी किती आहे ते बघतात. गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन देतात. बाळाचे ठोके आधी आणि नंतर मोजतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. आणि शेजारी ऑपरेशन थिएटर तयार ठेवावं लागतं, कारण सुमारे दोनशेत एखादीला तातडीनं सिझर करावं लागतं. जमण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं. आधी बाळंत झालेलीत थोडं जास्त. म्हाताऱ्या दाईचा हात कदाचित चांगला असेलही. पण ठोके मंदावले तर ते तिला कळणार कसं, आणि कळले तर ती काय करणार?

सुट्टीत मी माहेरी जाऊन नानीला विचारलं. नानी नव्वदीची आहे, कान शाबूत. मला मामूंच्या जन्माची गोष्ट ऐकायची होती. ती तिनं नेहमीसारखी रंगवून सांगितली. मग जरा थांबून म्हणाली, "उसके बाद एक और थी." मामूंनंतर दोन बाळंतपणं झाली आणि पुढचं मूल पुन्हा पायांकडून आलं. दाई तीच. पाय आले, अंग आलं, हात आले. "मुंडी अटक गई." मुलगी होती. संध्याकाळच्या आत तिला दफन करून आले. आमच्या घरात कुणीही सांगेल की नानीला सहा मुलं झाली. नानी सात मोजते, हे मला त्या दिवशी कळलं. अम्मी शेजारी बसून भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तिला ते ठाऊक असावं. नानी म्हणाली, "एक कू सब जानते. दुसरी कू कोई नै जानता."

डॉक्टरी पुस्तकांतही शेवटी हेच लिहिलेलं आहे. बाळाचा सर्वांत मोठा आणि कठीण भाग म्हणजे डोकं. ते आधी आलं तर बाकीच्या अंगाला वाट मोकळी असते. ते शेवटी आलं तर अंग बाहेर आणि नाळ दाबलेली अशा अवस्थेत वेळ फार थोडा उरतो. त्या थोड्या वेळात काय करायचं आणि काय करायचं नाही हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याच्यावर सगळं अवलंबून.

आता आकडे. सात महिन्यांच्या सुमारास चार-पाचांतलं एक बाळ उलटं असतं. दिवस भरेपर्यंत बहुतेक आपणहून फिरतात आणि शंभरात तीन-चार उरतात. त्यांचं काय करावं यावर २००० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २६ देश, १२१ इस्पितळं, २०८८ स्त्रिया. ठरवून सिझर केलेल्यांत बाळ दगावण्याचं किंवा गंभीर इजा होण्याचं प्रमाण शंभरात १.६ आणि नैसर्गिक बाळंतपण ठरवलेल्यांत ५.० निघालं. बघता बघता जगभर उलट्या बाळाला सिझर हा नियमच झाला. पुढे २००४ मध्ये त्यातल्याच काही मुलांना दोन वर्षांची झाल्यावर तपासलं, तर दोन्ही गटांत मृत्यू किंवा वाढ खुंटण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. २००६ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या आठ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास आला. तिथे निवड कडक आणि हात तयार असलेले, आणि तिथेही दोन्ही वाटांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण तोवर नव्या डॉक्टरांच्या हाताची सवय गेली होती. जे करायचंच नाही ते शिकायचं कुठे?

ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०१७ मध्ये हे सोपं करून मांडलं आहे. बाळ दगावण्याचा धोका एकोणचाळीस आठवड्यांनंतरच्या सिझरमध्ये हजारी ०.५, उलट्या बाळाच्या नैसर्गिक बाळंतपणात हजारी २ आणि सरळ बाळाच्या नैसर्गिक बाळंतपणात हजारी १. मी हे वहीत लिहून यांच्यापुढे ठेवलं. हे म्हणाले, "चारपट!" मी म्हटलं, चारपट खरं, पण हजारात दोन. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि दोन्ही एकत्र वाचायची असतात. शिवाय हे आकडे ब्रिटनचे. तिथली तयारी आपल्या तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता असेल हे कुणी सांगावं?

दुसऱ्या पारड्यात सिझरनंतरचं सगळं होतं. पोटाची जखम, टाके, पहिल्या मुलीला उचलायची बंदी हे तर आहेच. पुढच्या वेळी दिवस गेले तर गर्भाशयावरचा व्रण असतो. नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न केला तर सुमारे दोनशेत एकीचा तो उसवतो. वार व्रणात रुतून बसण्याचा धोका दर सिझरला वाढत जातो. अम्मांना आणखी दोन नातवंडं हवी होती, त्यामुळे ही बाजू त्यांनी लगेच उचलून धरली. मला आणखी मुलं नको होती. हे मी तोवर घरात उघड बोलले नव्हते. ते त्या आठवड्यात बोलले, आणि खरं सांगायचं तर बाळ फिरवण्याच्या चर्चेपेक्षा घर त्यानं जास्त हादरलं. पण तराजू त्याशिवाय बरोबर लागला नसता.

सदतिसाव्या आठवड्यात आम्ही शहराच्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथे एक निवृत्तीला आलेल्या डॉक्टरबाई बाहेरून बाळ फिरवतात असं कळलं होतं. गर्दी, लांबच लांब रांग, पंखा बंद. पण बाईंनी वीस मिनिटं दिली आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. माझा रक्तगट पॉझिटिव्ह, पाणी पुरेसं, वार वर. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेक्शन देऊन त्यांनी प्रयत्न केला. दुखलं, पण कळांइतकं नाही. बाळ आडवं झालं. मला पोटाच्या डाव्या बाजूला डोक्याचा गोळा सरकताना स्पष्ट जाणवला. आणि मग ते परत मूळ जागी गेलं. थोडं थांबून त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं, तरी तेच. बाईंनी हात पुसले. "याला तिथेच बरं वाटतंय," म्हणाल्या.

मग मी त्यांना विचारलं, नैसर्गिक करून बघता येईल का? बाळाचा अंदाजे तीन किलोचा आकार, पाय वर दुमडलेले, माझं आधीचं बाळंतपण सरळ, हे सगळं अनुकूल होतं आणि ते त्यांनी मान्य केलं. त्या म्हणाल्या, "मी असले तर करीन. मी तीस वर्षं केलंय. पण कळा रात्री सुरू झाल्या आणि ड्यूटीवर मी नसले तर जो कुणी असेल त्यानं हे बहुधा पुस्तकातच पाहिलेलं असेल. तेव्हा मी असेनच असं वचन मी देत नाही."

कुणा डॉक्टरच्या तोंडून इतकं साफ उत्तर मी पूर्वी ऐकलं नव्हतं. नानीच्या ओट्यावर जी दाई होती ती मामूंच्या वेळीही तीच होती आणि त्या मुलीच्या वेळीही तीच. इथे तर कोण असेल हेही माहीत नव्हतं. मी एकोणचाळीस आठवडे पुरे झाल्यावर सिझर करायचं ठरवलं. नर्सिंग होमच्या मॅडमनी दोन मिनिटांत सांगितलं होतं तेच झालं, असं नणंद म्हणाली. म्हणू दे. तिथे मला तारीख दिली होती, इथे मी ती घेतली.

एक गोष्ट सांगायची राहिली. दाखल होताना खिडकीतल्या माणसानं संमतीचा कागद सरळ यांच्याकडे सरकवला. "नवऱ्याची सही." मी तो ओढून घेतला, वाचला आणि आधी माझी सही केली. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती लागते, तिच्या वतीनं घरच्यांनी दिलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. तिथे संमती आईकडून घेतली होती. माझ्या माहितीतल्या किती जणींनी आपल्या ऑपरेशनचा कागद स्वतः वाचला असेल? यांनी खाली सही केली ती साक्षीदार म्हणून. खर्च काही आला नाही. सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझरसुद्धा, २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. मोहल्ल्यात हे सांगितलं तर निम्म्या बायकांना खोटं वाटलं.

मुलगा झाला. यांनी कानात अजान दिली तेव्हा त्याचे दोन्ही पाय कानांपाशीच होते. पोटात राहिलेली सवय आठ-दहा दिवस सुटत नाही. बघायला आलेल्या शाळेतल्या आपा हसून हसून बेजार झाल्या. अम्मांना मात्र हसू येईना. पाय वाकडे राहतील म्हणून त्यांनी मऊ सुती दुपट्टा आणला आणि आपल्याकडच्या रीतीनं दोन्ही पाय सरळ करून घट्ट बांधायला घेतले. डॉक्टरबाईंनी नेमकं याच्याविरुद्ध बजावलं होतं. उलट्या बाळांच्या खुब्याचा सांधा सैल असण्याची शक्यता जास्त असते. पाय ताणून बांधले तर तो जागेवरून सरकू शकतो. म्हणून दुपट्टा ढिला, पाय मोकळे आणि सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी. हे डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेलं होतं, नाहीतर अम्मांनी ऐकलं नसतं. त्यावरून त्यांच्यात आणि माझ्यात महिनाभर धुसफूस चालली, सिझरवरून झाली नव्हती इतकी.

सोनोग्राफीत सांधे ठीक निघाले. घरी आल्यावर अम्मांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "अब बांधूं?"

"नक्को अम्मा," मी म्हटलं, "ढीलाच रहने दो."