कोनसेट

पावसाळा सरता सरता माझी स्प्लेंडर सरळ चालेनाशी झाली. वर्धा रोडवर वेगात असताना काही कळायचं नाही. पण छत्रपती चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत, माणूस चालतो त्या गतीने गाडी काढायची वेळ आली की ती डावी-उजवीकडे झोके घ्यायची. आधी टायरची हवा पाहिली, मग चाकाचं अलाइनमेंट. एका गॅरेजमध्ये हँडलचा वरचा नट आवळून दिला आणि दोन मिनिटांत काम झालं असं सांगितलं. त्यानंतर गाडी आणखी अडखळू लागली.

मानेवाडा रोडला एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी गाडी चालवूनही पाहिली नाही. डबल स्टँडवर घेतली, मला म्हणाले, "भाऊ, मागून सीट दाबून धरा." पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मग एका बोटाने त्यांनी हँडल हळूहळू फिरवलं. डावीकडून मध्यावर आलं आणि तिथे खट्‌ करून बसलं. उजवीकडून आणलं, पुन्हा तिथेच बसलं. नंतर खाली वाकून दोन्ही शॉकअप बुडाशी धरून पुढे-मागे हलवले. टक टक असा बारीक आवाज आला.

"कोनसेट गेला तुमचा," ते म्हणाले. "नट आवळून काय होते? गड्डा तं तसाच राह्यते ना."

दुचाकी चालवणाऱ्या बहुतेकांना हा भाग माहीत नसतो, कारण तो दिसतच नाही. गाडीच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाला एक तिरपी नळी असते. तिच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी पोलादी वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. त्या नळीतून हँडलचा दांडा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'टी', आरपार जातो आणि त्या दांड्यावरचे कोन व या वाट्या यांच्यामध्ये छर्रे फिरतात. पुढचं अख्खं चाक, शॉकअप, मडगार्ड, हँडल, हे सगळं उरलेल्या गाडीला जोडलेलं असतं ते एवढ्याच छर्ऱ्यांच्या दोन कड्यांनी. ब्रेक मारला की सगळा जोर तिथे, स्पीडब्रेकरवर आदळली की सगळा दणका तिथे.

चाकाचं बेअरिंग आणि हे बेअरिंग यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो मला त्या दिवशी नीट समजला. चाकाचे छर्रे पूर्ण गोल फिरतात. फिरता फिरता ग्रीस आपल्यासोबत ओढून घेतात आणि भार सगळीकडे वाटला जातो. हँडलचे छर्रे मात्र जेमतेम थोडेसे सरकतात. माझ्यासारखा माणूस, जो रोज बुटीबोरी एमआयडीसीला जातो-येतो, त्याचं हँडल तर हायवेवर जवळपास हलतच नाही. म्हणजे प्रत्येक छर्रा त्याच एका जागी बसून दणके खातो. त्याच्याखालचं ग्रीस दाबून बाजूला निघून जातं, परत यायला वाव मिळत नाही, आणि धातूवर धातू घासून वाटीत खड्डा पडतो. सगळे खड्डे हँडल सरळ असतानाच्या जागी. म्हणूनच ते मध्यावर अडकतं. दुचाकीचा तोल कमी वेगात सतत हँडल इवलं इवलं हलवून सांभाळावा लागतो. ती हालचालच अडकली की गाडी झोके घेणारच. वरून नट आवळला की छर्रे त्या खड्ड्यात आणखी घट्ट बसतात.

१९३०च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेने दूर पाठवल्या जायच्या, तेव्हा त्यांच्या चाकांची बेअरिंगं न चालताच खराब झालेली सापडायची. चाक उभं, पण गाडीच्या डब्याचे हादरे चालूच, आणि छर्रे एकाच जागी. आमच्या वर्धा रोडवर तेच होतं, फक्त हँडलमध्ये.

मिस्त्रीकाकांनी मला बसवून घेतलं आणि गाडी उघडायला लागले. हेडलाइट, मीटरची केबल, हँडल, पुढचं चाक, मडगार्ड, दोन्ही शॉकअप. कामाचा वेळ सगळा यातच जातो, आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणी नट आवळून गिऱ्हाइकाला वाटेला लावतात. मग त्यांनी खाली जुनं धोतर पसरलं, वरचा नट सैल केला आणि टी हाताने धरून अलगद खाली उतरवली. छर्रे टपटप पडले. वरचे-खालचे मिळून चाळीसच्या आसपास. "बुलेटले वर एकोणीस आन्‌ खाली एकोणीस राह्यते, पाव इंची," ते छर्रे वेचता वेचता म्हणाले.

वरच्या वाटीतलं ग्रीस काळं पडलेलं, पण ग्रीसच होतं. खालच्या वाटीत जे होतं ते भिजून वाळलेल्या मातीच्या ढेकळासारखं, विटकरी रंगाचं. बोटात चुरलं तर कोरडं लागलं आणि गंजाचा वास आला. डिझेलने धुऊन, फडक्याने पुसून त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "नख फिरवा." अंगठ्याचं नख कडेने फिरवलं तर ते ठरावीक अंतराने अडखळत गेलं. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. उन्हात तिरकी धरली तेव्हा कुठे एकामागोमाग एक लांबट डाग चमकले.

खालचीच वाटी का जाते, याचं कारण साधं आहे. भार तिच्यावर जास्त, आणि पुढच्या चाकाने उडवलेलं चिखलपाणी खालूनच येतं. आपण नागपूरकर सगळा दोष उन्हाळ्याला देतो. २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हा तो दोष द्यावासा वाटणं साहजिक आहे. पण ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. वंगणाचं काम तेल करतं, साबण त्याला जागेवर थोपवतो. चांगल्या लिथियम ग्रीसमधून ते तेल १८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय गळत नाही. नागपूरचं ऊन तिथवर पोचत नाही. खरा शत्रू पाणी आहे. आणि त्यात पावसाचं पाणी निदान वरवर पडतं. वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याचा फवारा थेट हँडलच्या नळीवर मारतात, तो धुळीसकट आत घुसतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अशा प्रत्येक ठिकाणी रांगा लागतात. हार घालायला गाडी चकचकीत हवी, हे मलाही हवं असतं. पण आता मी तिथे उभा राहून सांगतो, इथे फवारा नको, ओल्या कापडाने पुसा.

खड्डे पडलेल्या वाटीला कितीही ग्रीस लावलं तरी उपयोग नसतो. पूर्ण सेट बदलायचा, वरचा-खालचा दोन्ही, छर्ऱ्यांसकट. नुसते नवे छर्रे जुन्या वाटीत टाकणं म्हणजे पैसे वाया. जुन्या वाट्या काकांनी नळीच्या दुसऱ्या टोकातून लांब सळई घालून काढल्या, एकदा या बाजूला टोला, एकदा त्या बाजूला, म्हणजे वाटी तिरकी होत नाही. नव्या ठोकताना वर जुनी वाटी उपडी ठेवली, हातोडी तिच्यावर बसली, नव्या पोलादाला ओरखडा नाही. टोल्याचा आवाज भरीव झाला तेव्हा थांबले.

मग ग्रीस. ते मी मागून घेतलं, मला स्वतःच्या हाताने भरायचं होतं. वाटीत आधी जाड थर, त्यात छर्रे एकेक करून दाबायचे. ग्रीसच त्यांना धरून ठेवतं. पूर्ण कडं भरल्यावरही थोडी फट उरते. तिथे आणखी एक छर्रा कोंबावासा वाटतो. कोंबायचा नाही, कारण फिरायला जागा लागते. सगळ्यांवर पुन्हा ग्रीस, कोनाला ग्रीस, आणि टीच्या दांड्यालाही हलका हात, म्हणजे आत गंज चढत नाही.

सगळ्यात नाजूक काम शेवटी. नट आधी घट्ट आवळला, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवलं, छर्रे जागेवर बसले, आणि मग नट थोडा मागे घेतला. काकांची कसोटी अशी की पुढचं चाक अधांतरी असताना हँडल मध्यावर ठेवून सोडलं की ते आपल्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे, आणि शॉकअप ओढून पाहिले तर टक वाजता कामा नये. दोन्ही एकाच वेळी जमेपर्यंत त्यांनी नट केसभर पुढे, केसभर मागे केला. पान्याकडे पाहतसुद्धा नव्हते, हँडलच्या टोकाकडे पाहत होते.

"दिवाळीनंतर एकदा आणून दाखवा," ते म्हणाले. नव्या वाट्या चालता चालता थोड्या दबतात, त्यामुळे नट सैल होतो. दाखवली तेव्हा त्यांनी तो इतकासाच फिरवला की मला फरक दिसला नाही, पण ब्रेक मारताना जाणवला. आता दरवर्षी मृग लागायच्या आधी मी हे उघडून घेतो. सोबत शॉकअपचं ऑइलही होऊन जातं, कारण तोवर सगळं खोललेलंच असतं.