गळती

पाऊस घराबाहेर असतो तोपर्यंतच रम्य असतो, हे लोणावळ्यात बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसास निराळे सांगावे लागत नाही. पुण्यात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पासष्ट किलोमीटरांवर आमच्या गावी तो चार हजारांच्या घरात जातो. मुंबई-पुण्याची मंडळी आषाढात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मुद्दाम भिजावयास येतात, आणि त्याच वेळी आम्ही येथले रहिवासी कोरडा पंचा कोठे मिळेल या विवंचनेत असतो. भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी, मिठाला पाणी! अशा गावात जमिनीवर चार थेंब दिसले तर त्याचे नवल कोणास वाटावे?

मला तरी वाटले नाही. मोरीलगतच्या बोळात आमचे कपडे धुण्याचे यंत्र उभे आहे. त्याच्या पायथ्याशी पाणी साचते, असे सौभाग्यवतीने मला प्रथम जूनमध्ये सांगितले. "अहो, हे पावसाचे पाणी नव्हे, याला साबणाचा वास येतो," असेही ती म्हणाली. इतका निर्णायक पुरावा पुढे असता मी एक गोणपाट आणून तेथे पसरले आणि प्रकरण निकालात काढले. दुसऱ्यांदा तिने सांगितले तेव्हा तेच गोणपाट पिळून पुन्हा पसरले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा मी वर्तमानपत्र वाचीत होतो. चौथ्यांदा तिने सांगितले नाही. त्या ओल्या गोणपाटावरून तिचा पाय सरकला, सगळा भार उजव्या हातावर आला, आणि संध्याकाळी दवाखान्यातून आम्ही परतलो तेव्हा तो हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले.

वाटेत रिक्षात ती एवढेच म्हणाली, "आता धुण्याचे काय?"

प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. आमच्याकडे कामास येणाऱ्या बाई कामशेतजवळच्या आपल्या गावी भाताच्या लावणीस गेल्या होत्या. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ आम्ही वर्षभर मोठ्या चवीने खातो. मग जुलै महिन्यात मावळातले हात चिखलात गुंतलेले असले तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? यंत्र विकणाऱ्यांच्या दुरुस्ती विभागाने दूरध्वनीवर आठ-दहा दिवसांचा वायदा केला. परदेशी असलेल्या मुलाने तर, "बाबा, नवे घेऊन टाका," असे सांगून दोन मिनिटांत आमची चिंता मिटविली. परंतु हे यंत्र सौभाग्यवतीने शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून घेतलेले होते. त्यापूर्वी तीस वर्षे तिने त्याच मोरीतल्या दगडावर घराचे धुणे हातांनी धुतले. त्या तीस वर्षांत मी एक बादलीही उचलल्याचे मला स्मरत नाही. ते यंत्र टाकून देण्यास ती तयार होईना.

आमच्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याला १९४५ साली नौदलाची यंत्रविद्येची शाळा निघाली; तीच आजची आय.एन.एस. शिवाजी. हे गृहस्थ तेथेच शिकलेले. त्यांनी यंत्राचे दार उघडले, विजेरी पाडली, आणि दाराभोवतीच्या राखाडी रबराची खालची घडी उलटून मला दोन बोटे लांबीची चीर दाखविली. यंत्राचा ढोल एका मोठ्या पिंपात फिरतो. ते पिंप स्प्रिंगांवर टांगलेले असल्यामुळे गदागदा हालते. दाराची चौकट मात्र स्थिर. या दोहोंना जोडणारे रबर म्हणूनच पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे करतात, म्हणजे हिसके ते स्वतः सोसते आणि पाणी आत राहते. अशा कड्यांना क्षुल्लक समजू नये, हे मला पटविण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या चॅलेंजर यानाची गोष्ट सांगितली. १९८६ च्या जानेवारीत ते यान सात माणसांसह नष्ट झाले, ते थंडीने ताठरलेल्या एका रबरी कड्यापायी. "आणि गंमत पाहा," ते पुढे म्हणाले, "अभियंत्यांनी आदल्याच रात्री बजावले होते. वरिष्ठांनी ऐकले नाही." ते सहज बोलून गेले, मी खाली गोणपाटाकडे पाहू लागलो.

त्यांचे गुडघे त्यांना जमिनीवर बसू देत नाहीत. तेव्हा काम मीच करावयाचे ठरले. दुसऱ्या दिवशी लोकलने पुण्यास जाऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी ते रबर मिळविले. यंत्राच्या दारामागे चिकटविलेला क्रमांक कागदावर उतरून नेला होता, हे बरे झाले. दिसावयास सारखी अशी निदान वीस कडी त्या दुकानदाराने खुंटीवर टांगली होती.

प्रथम विजेचा खटका बंद करून तार भिंतीतून काढली, नळ बंद केला. चौकटीवर रबर धरून ठेवणारे तारेचे एक कडे असते. त्याची स्प्रिंग पकडीने ताणताच ते निघाले. रबराची बाहेरची कड सोडवून आत ढोलात वळविली, तेव्हा दुसरे कडे दिसले. हे पिंपाच्या ओठावर बसलेले. त्याचा पेच सैल करावयास मला एक तास लागला आणि पेचकस चार वेळा बोटात घुसला. सौभाग्यवती बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती. ती काही बोलत नव्हती.

जुने रबर अखेर सुटून हातात आले. घड्यांतून काळी बुरशी, दोन नाणी आणि एक किल्ली खाली पडली.

ती माझ्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली होती. मार्चमध्ये ती हरवली म्हणून मी घर डोक्यावर घेतले होते. आवराआवरीच्या वेडात तीच किल्ली कोठेतरी टाकते, असा आरोप मी सौभाग्यवतीवर केला होता, आणि कुलूप फोडविले होते. किल्लीचे दात रबराच्या चिरेशी लावून पाहण्याची गरज नव्हती. तरी मी लावून पाहिले. जुळले. मी किल्ली तिच्यापुढे धरली. तिने ती डाव्या हातात घेतली, पदराने पुसली आणि खिडकीत ठेवली.

काढण्याहून बसविणे अवघड, हे मला कोणी सांगितले नव्हते. पिंपाचा ओठ पुसून स्वच्छ केला. नव्या रबरावर वरच्या बाजूस एक त्रिकोणी खूण असते, ती पिंपावरच्या खुणेशी जुळवावी लागते. म्हणजे पाणी निथळण्याची छिद्रे बरोबर तळाशी येतात. तेथून दोन्ही अंगठ्यांनी दाबीत खाली यावयाचे. शेवटची वीतभर कड काही केल्या बसेना. मी खोबरेल आणले, तोच शेजाऱ्यांनी खिडकीतून हटकले: तेलाने रबर फुगते आणि सडते, साबणाचे पाणी लावा. साबणाने कड बसली, आतले कडेही पेच आवळताच बसले. पण बाहेरचे तारेचे कडे एका बाजूने बसविले की दुसऱ्या बाजूने उसळून बाहेर येई. तीनदा असे झाले. यंत्र बनविणाऱ्याने माणसाला तीन हात गृहीत धरले असावेत.

"सरका," सौभाग्यवती म्हणाली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ती पाटावर बसली आणि डाव्या हाताच्या चार बोटांनी तिने कडे वरच्या अंगास दाबून धरले. मी पकडीने स्प्रिंग ताणली. कडे खोबणीत गेले.

यंत्राखाली वर्तमानपत्र पसरून रिकामेच यंत्र एकदा चालविले. अर्धा तास आम्ही दोघे तेथेच बसून होतो. पाणी भरले, ढोल फिरला, पाणी गेले. तिने वाकून कागदावरून हात फिरविला आणि बोटे नाकाशी नेली. कागद कोरडा होता.

मग मी धुण्याची टोपली ओढली. पहिला सदरा ढोलात टाकणार, तोच ती म्हणाली, "खिसे पाहिलेत का?"

त्यात पुण्याच्या लोकलचे तिकीट आणि दुकानदाराने परत दिलेली नाणी होती.