ओलीचा माग

वेल्सच्या या पर्जन्यबहुल मुलखात आल्यापासून आमच्या जुन्या मोटरहोममध्ये, पलंगाच्या उशाशी, जो पिवळसर डाग पसरत होता, त्याचे मूळ त्याच्या माथ्यावर नसून पार पुढच्या छतझडपेशी आहे, हे आज सप्रमाण सिद्ध झाले. छतात शिरलेले पाणी पत्रा आणि आतली फळी यांमधील लाकडी चौकटीच्या आधाराने, उतार सापडेल तिकडे सरकत, भलत्याच ठिकाणी प्रकट होते. म्हणून एकट्या डागाची जबानी ग्राह्य धरू नये. दारेखिडक्या बंद करून, पंख्याने आत हवेचा दाब वाढवून, बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले, तेव्हा झडपेच्या कडेला, एका गंजलेल्या स्क्रूभोवती, बारीक बुडबुडे फुलू लागले, आणि मनावरचे मोठे ओझे उतरले.

जुन्या थरावरच सिलिकोन चोपडण्याचा सर्रास प्रघात मला मुळीच मान्य नाही. ते तिथे धड चिकटत नाही, आणि आत कोंडलेली ओल लाकूड कुजवीत राहते. झडप उतरवून, जुना थर खरवडून, चौकट पुरती वाळू देऊन, मगच ब्यूटाइलच्या पट्टीने पक्का बंदोबस्त करावा. अशी वृद्ध गाडी ज्यांच्या पदरी असेल, त्यांनी हिवाळ्यापूर्वी शिडी लावून छताचा प्रत्येक सांधा बोटाने चाचपून पाहावा, ही कळकळीची विनंती.